आरपीसीतून आलेला नेस्टेड डेटा: नवख्यांसाठी पायरीपायरीने

दूरच्या सर्व्हरवरचं फंक्शन आपल्याच प्रोग्रॅममधलं असावं तसं बोलावता यावं, ही आरपीसीमागची (रिमोट प्रोसीजर कॉल) मूळ कल्पना. झेरॉक्स पार्कमधल्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांच्या १९८४च्या शोधनिबंधात ती नीट मांडलेली आहे. एक्सएमएल-आरपीसी, जेसन-आरपीसी, जीआरपीसी ही सगळी मंडळी त्याच वाटेने आली. सोय मोठी आहे, पण कॉल घरचा वाटला की आलेलं उत्तरही घरचं वाटायला लागतं, आणि नवखा माणूस नेमका तिथे घसरतो. आपण केलेल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं. हा डेटा मात्र दुसऱ्या कुणीतरी, बहुधा दुसऱ्याच भाषेत आणि दुसऱ्याच गरजेसाठी बांधलेला असतो. डिक्शनरीत लिस्ट, लिस्टमध्ये पुन्हा डिक्शनऱ्या, आणि त्यात कुठेतरी आपल्याला हवा असलेला एक आकडा.

खोलीमुळे फारसं कुणी अडत नाही, असं माझं मत आहे. पाच थर खाली उतरणं कंटाळवाणं असतं, अवघड नसतं. लोक अडतात ते रिकाम्या जागांपाशी. की (डिक्शनरीतलं फील्डचं नाव) नाही, की आहे पण नल (म्हणजे 'काहीच नाही' अशी किंमत) आहे, लिस्ट आहे पण रिकामी आहे, एरवी लिस्ट यायची तिथे आज एकटाच ऑब्जेक्ट आला. म्हणून खाली खोलीपेक्षा या गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

उदाहरणासाठी एकच सेवा धरू. ती आपल्या मशीन्सची हालहवाल सांगते: प्रत्येक मशीनच्या डिस्क, प्रत्येक डिस्कची पार्टिशन्स, आणि सेन्सर असेल तर डिस्कचं तापमान.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- सेवेचं डॉक्युमेंटेशन. जीआरपीसी असेल तर प्रोटो फाइल (मेसेजमधल्या फील्डांची व्याख्या असलेली), आणि सर्व्हरवर चालू असलेल्याच आवृत्तीची.
- कच्चा रिस्पॉन्स बघायचं साधन. जेसन-आरपीसी आणि एक्सएमएल-आरपीसीसाठी कर्ल (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवणारं साधन) पुरतं. जीआरपीसीसाठी जीआरपीसीकर्ल, त्याला सर्व्हरवर रिफ्लेक्शन (सर्व्हरने आपल्या मेथड्स स्वतःच सांगणं) चालू लागतं किंवा प्रोटो फाइल द्यावी लागते.
- जेसन चाळायला जेक्यू. शिकायला अर्धा तास जातो, पण पुढे रोज उपयोगी पडतं.
- नमुना रिस्पॉन्सच्या निदान तीन फाइल्स: एक भरगच्च, एक जवळजवळ रिकामी, एक एररची.

तिसरी फाइल लोक हमखास विसरतात. चुकीचं मेथड नाव देऊन मुद्दाम एरर घ्या आणि तीही साठवा.

१. आधी कच्चा रिस्पॉन्स डोळ्यांनी बघा

लायब्ररीने बनवलेला ऑब्जेक्ट प्रिंट करून बघणं आणि तारेवरून खरोखर काय आलं ते बघणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोड.जेएसमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) कन्सोल-लॉग ठरावीक खोलीपुढे जात नाही. दोन थरांखालचं सगळं चौकटी कंसातल्या 'ऑब्जेक्ट' किंवा 'ॲरे' या शब्दात गुंडाळून टाकतं. नवखे हे बघून समजतात की सर्व्हरने डेटाच पाठवला नाही. डेटा आलेला असतो, फक्त दाखवलेला नसतो. कन्सोल-डिरला खोलीची मर्यादा नल दिली, किंवा सरळ जेसन स्ट्रिंग करून छापली, की सगळं दिसतं.

ब्राउझरच्या कन्सोलमध्ये याच्या उलट फसवणूक होते. तिथला त्रिकोण उलगडताना तुम्हाला ऑब्जेक्टची *आत्ताची* अवस्था दिसते, लॉग केला त्या क्षणाची नाही. मधल्या काळात कोडने त्यात काही बदललं असेल तर तुम्ही भलतंच बघत बसता.

प्रोटोबफचं, म्हणजे जीआरपीसी सहसा ज्या रूपात डेटा पाठवतं त्याचं, आणखी निराळं. मेसेज प्रिंट केला की साध्या फील्डमधली शून्यं आणि रिकाम्या स्ट्रिंग्ज छापल्याच जात नाहीत. जीआरपीसीकर्लही त्या गाळतं. त्या दिसाव्यात म्हणून त्याला डीफॉल्ट्स दाखवण्याचा वेगळा फ्लॅग द्यावा लागतो. तेव्हा छापलेल्या मजकुरात फील्ड दिसलं नाही म्हणून ते स्कीमातच नाही, असं धरून चालू नका.

नमुना फाइल साठवताना त्यातली टोकन्स, पासवर्ड, लोकांची नावं, ईमेल खोडून टाका. या फाइल्स पुढे रिपॉझिटरीत जाणार आहेत.

२. पाकीट आणि पत्र वेगळं करा

आरपीसीचं उत्तर नेहमी पाकिटात येतं. पाकीट न तपासता पत्र वाचायला गेलं की 'रिझल्ट नावाची की सापडली नाही' असा, मूळ कारण लपवणारा एरर मिळतो.

जेसन-आरपीसी २.०मध्ये पाकिटावर 'रिझल्ट' असतो किंवा 'एरर' असतो. दोन्ही एकत्र चालत नाहीत. एररमध्ये कोड आणि मेसेज असतात, शिवाय 'डेटा' हे ऐच्छिक फील्ड असतं आणि ते स्वतःच नेस्टेड असू शकतं. खरं कारण पुष्कळदा त्या डेटात दडलेलं असतं, त्यामुळे लॉगमध्ये फक्त मेसेज न टाकता पूर्ण एरर टाका. नेहमी भेटणारे कोड असे: -३२७०० म्हणजे जेसनच मोडलेलं, -३२६०१ म्हणजे मेथड नाही, -३२६०२ म्हणजे पॅरामीटर चुकीचे, -३२६०३ म्हणजे सर्व्हरच्या आत काहीतरी बिघडलं.

एक्सएमएल-आरपीसीत चूक 'फॉल्ट' म्हणून येते, आणि पायथॉनची लायब्ररी त्याचं थेट एक्सेप्शन करून देते. जीआरपीसीत स्टेटस कोड वेगळा येतो: ० म्हणजे ठीक, १ ते १६ म्हणजे काही ना काही बिनसलं.

इथे सापळा एचटीटीपीच्या २०० (म्हणजे 'ठीक') कोडचा. एक्सएमएल-आरपीसीचं स्पेसिफिकेशनच सांगतं की खालच्या थरात काही बिघडलं नसेल तर उत्तर २००नेच द्यायचं, मग आत फॉल्ट का असेना. पुष्कळ जेसन-आरपीसी सर्व्हरही तसंच करतात. २०० दिसला म्हणून काम झालं असं नसतं.

त्यातही खालचा प्रकार सर्वांत चिवट: पाकीट व्यवस्थित, रिझल्टही आहे, पण आतल्या एखाद्या मशीनच्या जागी तिची स्वतःची 'चूक' ठेवलेली. दहा मशीन्सची माहिती मागितली, नऊ मिळाल्या, दहावीच्या जागी 'टाइमआउट'. अशा अर्धवट यशाचं काय करायचं, ते आधीच ठरवा. नऊ दाखवायच्या आणि दहावीपुढे खूण करायची, की सगळंच नाकारायचं? कोड लिहिताना हे ठरवलं नाही, तर ते योगायोगाने ठरतं.

एकाच रिक्वेस्टमध्ये अनेक कॉल पाठवले असतील, म्हणजे बॅच असेल, तर उत्तरं कुठल्याही क्रमाने येऊ शकतात. ती आयडीवरून जुळवा, जागेवरून नाही. आणि नोटिफिकेशनला, म्हणजे आयडीविना केलेल्या कॉलला, उत्तर येतच नाही. त्यामुळे मोजणीही जुळेल असं नाही.

३. आराखडा कागदावर काढा

हा टप्पा वेळखाऊ वाटतो, तरी टाळू नका. नमुना फाइल समोर ठेवून असं काहीतरी लिहून काढा:

रिझल्ट — ऑब्जेक्ट, नेहमी
　मशीन्स — लिस्ट, रिकामी असू शकते
　　नाव — स्ट्रिंग, नेहमी
　　शेवटची नोंद — तारीख, कधी नल
　　डिस्क — लिस्ट, की कधी गायब
　　　क्षमता — पूर्णांक, बाइट्समध्ये
　　　तापमान — पूर्णांक, सेन्सर नसेल तर गायब
　　　पार्टिशन्स — लिस्ट
　　　　माउंट — स्ट्रिंग, कधी रिकामी
　　　　वापर — पूर्णांक, बाइट्समध्ये

प्रत्येक ओळीपुढे चार प्रश्नांची उत्तरं हवीत. प्रकार कोणता? नेहमी येते का? नल असू शकते का? एक आहे की अनेक? एका नमुन्यावरून ही उत्तरं देऊ नका. तीनही फाइल्स आणि डॉक्युमेंटेशन पडताळा. दोघांचं जुळत नसेल तर सर्व्हर जे पाठवतो ते खरं धरा आणि ते ओळीपुढे टिपून ठेवा.

मार्ग लिहायची एक पद्धतही ठरवून घ्या, उदाहरणार्थ मशीन्स/३/डिस्क/०/तापमान. जेसन पॉइंटर नावाचं प्रमाण जवळपास असंच आहे. पुढे एररमध्ये हाच मार्ग छापायचा आहे.

४. 'नाही'चे प्रकार ओळखा

या लेखातली एकच पायरी वाचणार असाल तर ही वाचा.

डिस्कचं तापमान 'नाही' हे निदान चार प्रकारे येऊ शकतं. तापमान ही कीच नाही. की आहे, पण किंमत नल. की आहे, किंमत रिकामी स्ट्रिंग. आणि की आहे, किंमत ०. यातला शेवटचा प्रकार घातक, कारण शून्य अंश हे खरं तापमानही असू शकतं. सेन्सर नसलेली डिस्क शून्यावर आहे असं समजून पंखा बंद करणारा प्रोग्रॅम लिहिणं अजिबात अवघड नाही.

भाषेनुसार सापळे बदलतात.

*पायथॉन.* डिक्शनरीच्या गेटला दुसरा पॅरामीटर म्हणून रिकामी डिक्शनरी द्यायची आणि साखळी पुढे न्यायची, ही सगळीकडे दिसणारी सवय. पण तो डीफॉल्ट फक्त की *गायब* असेल तेव्हाच मिळतो. की असून नल असेल तर गेट इमानेइतबारे नन (पायथॉनमधला नल) परत देतं, आणि पुढचं गेट ननवर आपटतं. चाचणीत की गायब असते, खऱ्या डेटात नल असतो, म्हणून हा बग थेट प्रॉडक्शनमध्ये भेटतो. उपाय साधा: किंमत काढा, नन आहे का ते तपासा, मगच पुढे जा.

*जावास्क्रिप्ट.* डीफॉल्ट देण्यासाठी || वापरलं तर ०, रिकामी स्ट्रिंग आणि फॉल्स, तिन्ही उडतात आणि त्यांच्या जागी तुमचा डीफॉल्ट बसतो. ?? वापरा, ते फक्त नल आणि अनडिफाइन्डलाच डीफॉल्ट देतं. दुसरं म्हणजे टाइपऑफ नल विचारलं तर उत्तर 'ऑब्जेक्ट' मिळतं. नुसतं 'ऑब्जेक्ट आहे ना' एवढंच तपासून आत शिरू नका.

*प्रोटोबफ.* प्रोटो३मध्ये साध्या पूर्णांक फील्डला 'नाही' ही अवस्थाच नसते. पाठवलं नाही तरी वाचताना ० मिळतं. फील्डवर 'ऑप्शनल' लिहिलेलं असेल तर हॅजफील्ड विचारून खरंखोटं कळतं; प्रोटोबफच्या ३.१५ आवृत्तीपासून ही सोय वेगळा फ्लॅग न देता मिळते. आतल्या सबमेसेजसाठी हॅजफील्ड नेहमीच चालतं, लिस्टसाठी कधीच नाही. तिथे लांबी मोजायची. पायथॉन आणि जावात न आलेला सबमेसेज वाचला तर एरर येत नाही, डीफॉल्टने भरलेला रिकामा मेसेज हाती येतो. म्हणजे चार थरांची साखळी कधीच फुटत नाही, आणि शेवटी गुपचूप ० देते. गो भाषेत गेटर (फील्ड वाचून देणारी तयार फंक्शनं) वापरले तर असंच होतं. थेट फील्डला हात घातला आणि पॉइंटर निल असला तर प्रोग्रॅम पॅनिक होतो, म्हणजे कोसळतो. खरं सांगायचं तर मला तो पॅनिक त्या गुपचूप शून्यापेक्षा परवडतो.

*एक्सएमएल-आरपीसी.* मूळ स्पेसिफिकेशनमध्ये नल हा प्रकारच नाही. निल हे नंतरचं एक्स्टेन्शन, आणि ते सगळ्यांना कळतंच असं नाही. मग सर्व्हर आपापल्या युक्त्या करतात. ओडू या व्यवसायासाठीच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या: तिथे रिकामं फील्ड फॉल्स म्हणून येतं. दुसऱ्या रेकॉर्डकडे बोट दाखवणारं फील्ड भरलेलं असेल तर आयडी आणि नाव अशा दोन घटकांची लिस्ट येते, नसेल तर फॉल्स. डोळे झाकून पहिला घटक मागितला की फॉल्सवर इंडेक्सिंग होतं आणि कोड कोसळतो. शिवाय खऱ्या बूलियन फील्डचा फॉल्स आणि रिकामेपणाचा फॉल्स दिसायला सारखेच; फील्डची व्याख्या बघितल्याशिवाय फरक कळत नाही.

आता प्रत्येक फील्डसाठी ठरवा: हे *असलंच पाहिजे* की *नसलं तरी चालेल*? असलंच पाहिजे असं फील्ड नसेल तर तिथेच, पूर्ण मार्गासकट, एरर द्या: 'मशीन्स/३/नाव सापडलं नाही'. नसलं तरी चालेल अशा ठिकाणीच ?. सारखी ऑप्शनल चेनिंग वापरा. सगळीकडेच ती पेरली तर प्रोग्रॅम कधीच पडत नाही, फक्त चुकीची उत्तरं देतो, आणि कारण शोधायला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

५. एक की अनेक, याची खात्री करा

एक्सएमएलमध्ये लिस्ट असं वेगळं काही नसतं. एकच टॅग पुन्हा आला की ती लिस्ट. त्यामुळे एक्सएमएलची सरळ डिक्शनरी करून देणाऱ्या लायब्रऱ्यांना, मशीनला एकच डिस्क असेल तर ती लिस्ट होती हे कळायला मार्ग नसतो. दोन डिस्क असल्या तर लिस्ट मिळते, एक असली तर सुटा ऑब्जेक्ट. त्यावर लूप फिरवला की तो ऑब्जेक्टच्या कीजवर फिरतो आणि 'डिस्क'च्या नावाखाली 'क्षमता', 'तापमान' असे शब्द हाती येतात. पीएचपीच्या सोपक्लायंटला (सोप या एक्सएमएलवर चालणाऱ्या प्रोटोकॉलसाठीचा क्लायंट) एकटा घटकही ॲरेतच ठेव, असं सांगण्यासाठी खास पर्याय आहे. पायथॉनच्या एक्सएमएलटूडिक्टमध्ये फोर्सलिस्ट आहे. एक्सएमएल-आरपीसी मात्र यातून सुटतं, कारण त्यात ॲरे हा स्वतंत्र प्रकार आहे.

पीएचपीने लिहिलेल्या सर्व्हरकडून आणखी एक गंमत येते. तिथे डिक्शनरी आणि लिस्ट दोन्हींसाठी एकच ॲरे असतो, आणि रिकामा ॲरे जेसनमध्ये चौकटी कंस होऊन बाहेर पडतो. म्हणजे एरवी ऑब्जेक्ट येतो त्या जागी, तो रिकामा असला की, लिस्ट येते. टाइप तपासणाऱ्या भाषेत यावर पार्सिंगच थांबतं.

कधी आकार तुमच्याच मागणीवरून ठरतो. इथेरियमच्या जेसन-आरपीसीत ब्लॉक मागताना दुसरा पॅरामीटर ट्रू दिला तर 'ट्रान्झॅक्शन्स'मध्ये पूर्ण ऑब्जेक्ट्स येतात, फॉल्स दिला तर नुसते हॅश (त्या ट्रान्झॅक्शन्सच्या ओळखखुणा). बिटकॉइन कोअरच्या गेटब्लॉकमध्ये व्हर्बोसिटी ० असेल तर उत्तर म्हणजे एक लांबलचक हेक्स स्ट्रिंग, १ असेल तर ट्रान्झॅक्शन आयडींसकट ऑब्जेक्ट, २ असेल तर प्रत्येक ट्रान्झॅक्शन सविस्तर. आणि कोड एडिटरांच्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये 'ही व्याख्या कुठे आहे' असं विचारलं तर एक जागा, जागांची लिस्ट, दुव्यांची लिस्ट किंवा नल, यातलं काहीही येऊ शकतं, आणि हे सगळं स्पेसिफिकेशनला धरून.

उपाय एकच: फील्ड हातात आल्याबरोबर ते लिस्टच्या रूपात आणा. नल असेल तर रिकामी लिस्ट, सुटा घटक असेल तर एका घटकाची लिस्ट, लिस्ट असेल तर तशीच. पाच ओळींचं फंक्शन होतं. त्यानंतरच्या कोडला फक्त लिस्ट माहीत असावी.

६. दारातच आपल्या रूपात आणा

आलेली डिक्शनरी तशीच प्रोग्रॅमभर फिरवू नका. एक मॉड्यूल असं ठेवा की ज्यालाच सर्व्हरचा आकार ठाऊक आहे. त्यात प्रत्येक थरासाठी एक छोटं फंक्शन: मशीन वाचणारं, डिस्क वाचणारं, पार्टिशन वाचणारं. मशीनचं फंक्शन डिस्कच्या फंक्शनला बोलावतं, ते पार्टिशनच्या. प्रत्येकाला डेटाबरोबर आत्तापर्यंतचा मार्गही द्या, म्हणजे एररमध्ये नेमकी जागा छापता येते. बाहेर पडतात ते तुमचे स्वतःचे प्रकार: पायथॉनमध्ये डेटाक्लास, गो किंवा रस्टमध्ये स्ट्रक्ट, टाइपस्क्रिप्टमध्ये इंटरफेस. पायडँटिक किंवा झॉडसारखी लायब्ररी वापरली तर तपासणीचा बराच भाग फुकटात मिळतो.

टाइपस्क्रिप्टवाल्यांनी एक लक्षात ठेवा: 'ॲज' लिहून प्रकार सांगितला म्हणजे डेटा तपासला असं होत नाही. प्रोग्रॅम चालताना ते प्रकार उरतच नाहीत.

अनोळखी जास्तीच्या फील्डवर एरर देऊ नका. सर्व्हर उद्या नवं फील्ड घालेल आणि त्याचं काही चुकलेलं नसेल. एनमचंही (ठरावीक किमतींपैकीच एक घेणारा प्रकार) तसंच: डिस्कच्या अवस्थेसाठी उद्या नवी किंमत आली तर तिच्यासाठी 'अनोळखी' असा कप्पा ठेवा.

७. आकडे आणि तारखा इथेच बदलून घ्या

जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ या पूर्णांकापलीकडे नेमकेपणाची हमी नाही. त्याहून मोठा आयडी जेसनमध्ये आकडा म्हणून आला तर शेवटचे अंक निमूटपणे बदलतात. म्हणूनच प्रोटोबफ जेसनमध्ये जाताना ६४ बिटांचे पूर्णांक स्ट्रिंग म्हणून लिहितो. ते बघून 'सर्व्हर चुकला' म्हणू नका. बिगइंट (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) करून वाचा. इथेरियममध्ये आकडे ०एक्स लावलेल्या हेक्स स्ट्रिंगमध्ये येतात. एक्सएमएल-आरपीसीचा मूळ पूर्णांक ३२ बिटांचा, म्हणजे २१४७४८३६४७पर्यंतच. डिस्कची क्षमता बाइट्समध्ये त्यात मावत नाही, म्हणून ती स्ट्रिंग किंवा डबल होऊन येते.

पैशासारख्या दशांश किमतींसाठी पायथॉनच्या जेसन लायब्ररीला पार्स-फ्लोट म्हणून डेसिमल द्या. एकदा फ्लोट झाल्यावर मागाहून डेसिमल करण्यात अर्थ नाही. जेसनला तारीख हा प्रकार नाही, आणि एक्सएमएल-आरपीसीच्या तारखेत टाइमझोन नसतो; तो कोणता ते सर्व्हरवाल्यांना विचारूनच घ्या.

८. किती खोल ते माहीत नसेल तेव्हा

मशीन–डिस्क–पार्टिशन इथे थर ठरलेले आहेत. पण फोल्डरांची झाडं, कॉमेंटांवरच्या कॉमेंट्स, किंवा लँग्वेज सर्व्हरने दिलेली फाइलमधल्या चिन्हांची यादी, जिथे प्रत्येक चिन्हाला पुन्हा 'चिल्ड्रन' असतात, इथे खोली आधी कळत नाही. रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) स्वाभाविक आहे आणि बहुतेकदा पुरतं. पायथॉनची रिकर्शनची डीफॉल्ट मर्यादा १००० आहे. जावा आणि सी++मधला प्रोटोबफ पार्सर मुळातच १०० थरांपुढे नकार देतो. डेटा बाहेरच्या, अविश्वासू ठिकाणाहून येत असेल तर स्वतःची मर्यादा घाला, किंवा रिकर्शनऐवजी लिस्टचाच स्टॅक करून लूप चालवा.

आणि ऑब्जेक्ट एकमेकांकडे आयडीने बोट दाखवत असतील तर चक्र तयार होऊ शकतं: अ चा पालक ब, ब चा पालक अ. बघितलेल्या आयडींचा एक सेट ठेवला की लूप अडकत नाही.

९. टेबलात सपाट करताना

स्प्रेडशीट किंवा डेटाबेससाठी सपाट ओळी हव्या असतात. पायथॉनच्या पांडाज लायब्ररीतलं जेसन-नॉर्मलाइझ हे काम चांगलं करतं, पण दोन ठिकाणी जपा. डिस्कमागे एक ओळ केली, तर एकही डिस्क नसलेली मशीन टेबलातून नाहीशी होते. नंतर कुणी 'एकूण मशीन्स' मोजल्या की आकडा कमी भरतो.

दुसरं, शेजारशेजारच्या दोन लिस्ट एकाच टेबलात सपाट करू नका. मशीनला ३ डिस्क आणि ४ नेटवर्क कार्डं असतील तर १२ ओळी होतात, आणि डिस्कच्या क्षमतेची बेरीज चौपट येते. दोन वेगळी टेबलं करा आणि दोन्हीत मशीनचा आयडी ठेवा.

१०. लूपमध्ये कॉल करू नका

आधी मशीन्सची यादी, मग प्रत्येक मशीनमागे डिस्कसाठी एक कॉल, मग प्रत्येक डिस्कमागे पार्टिशनसाठी एक. कोड अगदी सुबक दिसतो, कारण कॉल घरच्या फंक्शनसारखाच लिहिला जातो. १०० मशीन्स आणि प्रत्येकी ४ डिस्क म्हणजे १ + १०० + ४०० = ५०१ फेऱ्या. जेसन-आरपीसीत बॅच, पुष्कळ एक्सएमएल-आरपीसी सर्व्हरवर मल्टिकॉल (एका रिक्वेस्टमध्ये अनेक कॉल), किंवा सर्व्हरवर सगळं एकत्र देणारी मेथड शोधा.

याचं दुसरं टोकही वाईट. सगळं एकदम मागितलं तर जीआरपीसीची येणाऱ्या मेसेजसाठीची ४ एमबीची डीफॉल्ट मर्यादा आडवी येते आणि कोड ८, म्हणजे रिसोर्स एक्झॉस्टेड, मिळतो. मर्यादा वाढवण्याआधी फील्डमास्क आहे का बघा. हवी तेवढीच फील्ड मागता येतात. पानापानाने यादी देणाऱ्या सेवांमध्ये आतल्या लिस्टलाही स्वतःचं पान असू शकतं. मशीन्सची सगळी पानं आणली, पण एका मशीनच्या डिस्कचं दुसरं पान राहूनच गेलं, हे सहज होतं.

११. नमुना फाइल्सना चाचणीत बसवा

सुरुवातीला साठवलेल्या तीन फाइल्स आता कामाला लावा. सहाव्या पायरीतल्या फंक्शनांना त्या द्या आणि बाहेर येणारे ऑब्जेक्ट तपासा. यासाठी सर्व्हर चालू असायची गरज नाही. मग भरगच्च फाइलच्या प्रती करून मुद्दाम मोडतोड करा: एका ठिकाणी की काढा, एका ठिकाणी नल घाला, डिस्कची लिस्ट रिकामी करा, तापमान ० करा. शेवटच्या प्रतीतून ० हेच बाहेर यायला हवं, आणि की काढलेल्या प्रतीतून 'माहिती नाही'.

फाइलच्या नावात सर्व्हरची आवृत्ती लिहा. आकार बदलतात, आणि तेही आतल्या थरात. बिटकॉइन कोअरच्या २२.० आवृत्तीत आउटपुटच्या स्क्रिप्टखालची 'ॲड्रेसेस' ही लिस्ट डीफॉल्ट उत्तरातून गेली आणि एकवचनी 'ॲड्रेस' राहिला. जुनी लिस्ट हवी असेल तर नोड वेगळ्या पर्यायाने सुरू करावा लागायचा. ज्यांचा कोड त्या लिस्टचा पहिला घटक उचलत होता, त्यांना तो बदलावा लागला. सर्व्हर अपग्रेड होणार असं कळलं की चाचणीच्या सर्व्हरवरून त्याच तीन कॉल्सचे नवे नमुने घ्या. जेक्यूने दोन्हीकडच्या कीज क्रमाने लावा, जुन्या-नव्याचा डिफ (फरक) काढा, आणि आराखड्यातल्या ज्या ओळी बदलल्या तेवढीच फंक्शनं उघडा.